पहिल्या हाकेला ओ देऊ नये

आमच्या घरात रात्रीचा एक नियम होता. अंधार पडल्यावर अंगणातून कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली तरच दाराची कडी काढायची. आजी सांगायची, चकवा आपल्याच माणसाचा आवाज काढतो, पण त्याला तीनदा हाक मारता येत नाही. जो पहिल्या हाकेला ओ देईल त्याला तो रानात ओढून नेतो आणि रात्रभर एकाच झाडाभोवती फिरवतो. वडील बिरवाडीच्या बाजाराहून उशिरा परतत तेव्हा बांधाशी उभं राहून स्वतःच सावकाश तीन हाका मारत, दोन हाकांमध्ये नीट थांबून. तिसरी हाक ऐकल्याशिवाय आई जागची हलत नसे.

शिवथरचं खोरं सोडून मला आता चाळीस वर्षं होऊन गेली. चकव्याची भीती केव्हाच सरली. पण हा नियम ज्याला कुणी शिकवला नाही, आणि शिकवला तरी ज्याला तो पाळता येणार नाही, असा एक जीव त्या खोऱ्यात राहतो. रानकोंबडा. त्याला हाक ऐकू आली की तो ओ देतो, आणि पहिल्याच हाकेला देतो.

शिवथर म्हटलं की बाहेरच्या माणसाला घळ आठवते. महाडहून तीसेक किलोमीटरवर, वरंधा घाटाच्या पायथ्याच्या डोंगरात कसबे, आंबे आणि कुंभे अशी शिवथरची तीन गावं आहेत आणि त्या डोंगराच्या कुशीत ती घळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही जागा शोधून काढली, तेव्हापासून माणसांचा राबता सुरू झाला. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर धबधबा कोसळतो तेव्हा शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. दासबोधात नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे, आणि पुढे सातव्या दशकात श्रवणाचं पुन्हा वेगळं निरूपण आहे. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकून उतरवायचं, आणि भोवती हा एवढा पाण्याचा आवाज. लहानपणापासून त्या जागेबद्दल माझ्या मनात जी भक्ती आहे ती मुख्यतः या गोष्टीमुळे आहे.

पावसाळ्यात पाण्याच्या त्या आवाजावर मात करतो तो एकटा शीळकरी कस्तूर. त्याची शीळ कोसळत्या पाण्यातूनही स्पष्ट ऐकू येते. रानकोंबडा तेव्हा गप्प असतो. दिवाळी उलटली, ओढे उतरले, कारवीचं रान वाळून खडखडायला लागलं की तो बोलू लागतो, आणि माघातल्या दासनवमीपर्यंत त्याला चांगला कंठ फुटलेला असतो. त्याची बांग गावठी कोंबड्यासारखी नाही. गावठी कोंबडा शेवटचा सूर लांबवतो. याची बांग तुटक, 'कुक्-काया-काया-कुक्' अशी, आणि शेवटी घशातल्या घशात उतरत गेलेली. जो एकदा ऐकेल तो दोघांत गफलत करणार नाही. भारताच्या रानांखेरीज हा पक्षी जगात कुठे नाही. अंगाने करडा, शेपटी काळी-निळी झळकणारी, आणि मानेवरच्या पिसांना मेणाच्या थेंबांसारखे पिवळे ठिपके. या ठिपक्यांनी त्याचा घात केला. सामन मासे पकडायच्या गळावर बांधण्यासाठी विलायतेत या पिसांना मोठी मागणी होती. अखेर १९०२ साली इंग्रज सरकारलाच हिंदुस्थानातून पिसं बाहेर न्यायला बंदी करावी लागली.

आमच्याकडे घरच्या कोंबड्या आजीच्या ताब्यात होत्या आणि संध्याकाळी त्यांना डालायचं काम माझं. 'तीऽ तीऽ तीऽ' केलं की कुठून कुठून धावत येत. मी एकदा आजीला विचारलं, यांना कान कुठं आहेत? तिने एक कोंबडी काखेत धरली आणि डोळ्यामागच्या बारीक पिसांवर फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि आत एक लहानसं भोक दिसलं. ना पाळ, ना काही. आपल्या कानात तीन बारीक हाडांची साखळी असते. पक्ष्याला एकच हाड असतं. पण एवढ्या सामानावर तो जे ऐकतो ते आपल्या आवाक्यातलं नाही. २०१४ साली गावठी कोंबडीच्या कानाची मोजणी झाली तेव्हा असं दिसलं की ती २ हर्ट्झइतका खोल आवाज ऐकू शकते. माणसाचं ऐकणं साधारण २० हर्ट्झच्या खाली थांबतं. वरच्या बाजूला ती ९,००० हर्ट्झच्या आसपास थांबते, आपण त्याच्याही बरेच वर जातो. म्हणजे तिचं जग आपल्या जगाच्या खाली पसरलेलं आहे. जमिनीतून, ढगातून येणारं जे आपल्याला अंगाला जाणवतं तेवढंच, ते तिला ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ तिचाच विचार करत बसले होते. माणसाच्या आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. म्हातारपणी ऐकू येईनासं होतं ते बरंचसं यामुळेच. कोंबडीच्या कानात मात्र या पेशी मेल्या तर थोड्या आठवड्यांत नव्या उगवतात. १९८० च्या दशकात हे सिद्ध झालं. शिवाय बांग देताना कोंबड्याचा स्वतःचाच आवाज इतका मोठा असतो की त्याने त्याचेच कान फुटावेत. बेल्जियममधल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवलं की चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची वाट आपोआप मिटते आणि कानाचा पडदा निम्मा झाकला जातो. बोलताना तो स्वतःपुरता बहिरा होतो. बोलणं संपलं की पुन्हा उघडतो. ज्या जिवाचा कान इतका जपलेला आहे, त्याचं सगळं जगणं त्या कानावर असणार हे उघड आहे.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. जपानातल्या नागोया विद्यापीठात २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. तरी ते आपल्या पहाटेच्या वेळेलाच आरवत राहिले. वेळ त्याच्या अंगात असते. झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडं कळतं, हे त्या म्हणीत कुणी घातलं नव्हतं. दोन वर्षांनी त्याच अभ्यासकांनी आणखी पाहिलं की कळपात पहिली बांग मानाने थोरल्याची असते. धाकटे तो आरवेपर्यंत थांबतात आणि मग उतरत्या क्रमाने ओ देतात.

हे सगळं मला शास्त्रज्ञांच्या आधी एका माणसाने सांगितलं होतं. आईचे मामा. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो. पायांत चप्पल नाही, कमरेला कोयती, आणि कान असे की ओढ्यापलीकडे गळून पडलेलं पान ऐकू यावं. ते रानकोंबडे धरत. मी सांगते आहे ती वन्यजीव संरक्षण कायदा येण्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. १९७२ च्या त्या कायद्यानुसार बंदूक चालवणंच नव्हे तर फास लावणं, आमिष दाखवणं, हाका घालून जनावर उठवणं, आणि यांतलं काहीही करायचा प्रयत्न करणं, या सगळ्याला शिकारच म्हणतात. त्या काळी मात्र उन्हाळ्यात घरातलं भात संपत आलं की मामाआजोबा पहाटे उठत आणि घरचा कोंबडा डालग्यात घालून डोंगराला लागत.

दोनदा ते मला घेऊन गेले. कारवीच्या उतारावर एक मोकळी जागा पाहून त्यांनी खुंटी ठोकली, घरचा कोंबडा पायाला दोरी लावून बांधला आणि त्याच्याभोवती घायपाताच्या वाखाचे फास मांडले, एकाला एक लागून, गोल. मग आम्ही दोघं करवंदीच्या जाळीमागे बसलो. मला वाटलं आता ते आवाज काढतील. पण ते काहीच करेनात. अर्धा तास झाला असेल. मी चुळबुळ केली तर म्हणाले, "गप ऱ्हा. आधी त्यो कुठं हाये ते समजू दे."

रान उजळायच्या आधी खालून एक बांग आली. लगेच वरच्या अंगाने दुसरी. मामाआजोबा बोटाने दाखवत होते: हा ओढ्याकाठचा, म्हातारा आहे, जागा सोडणार नाही. तो वरचा औंदाचा, अजून त्याला स्वतःची जागा नाही, तोच येईल. मग त्यांनी उजव्या तळव्याने मांडीवर तीन-चार थापा मारल्या, भराभर, पोकळ आवाजाच्या. रानकोंबडा आरवायच्या आधी पंख फडफडवतो, त्याची ती नक्कल. आणि लगेच घशातून ती तुटकी बांग. माझ्या शेजारी बसलेला माणूस क्षणभर माणूस राहिला नाही. वरून ओ आली. पुन्हा थापा, पुन्हा बांग. ओ जवळ आली. मग घरचा कोंबडाही चिडून आरवला आणि त्या औंदाच्या पोराने, हो, मी त्याला पोरच म्हणेन, मान खाली घालून सरळ त्याच्यावर चाल केली. फास आवळला.

त्याच सकाळी आणखी एक आला होता. तो मात्र आरवला नाही. पाचोळ्यात एक पाऊल, मग बराच वेळ शांतता, मग आणखी एक पाऊल. कारवीच्या कडेला येऊन तो उभा राहिला, मान उंच करून पाहत राहिला, आणि 'कट्-कट्-कट्' असं ओरडून उतारावरून खाली उडाला. त्या एका आवाजासरशी सगळं रान गप्प झालं. मामाआजोबा म्हणाले, "त्यो शिकलाय. त्याला आता ह्या डोंगरात कुणी धरायचा न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या कोंबड्याबद्दल आदर होता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

पुढे पीटर मार्लर या अभ्यासकाचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग मी वाचले. कोंबडा घारीला वेगळा इशारा देतो आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला वेगळा. शत्रू दाखवलाच नाही, नुसता आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला तरी पहिल्या आवाजाला कोंबड्या अंग चोरून दबतात आणि वर पाहतात; दुसऱ्याला मान ताठ करून उभ्या राहतात. म्हणजे तो नुसता भीतीचा ओरडा नसतो, त्यात बातमी असते. आणि एकटा असलेला कोंबडा घार दिसली तरी बहुधा गप्प राहतो. जवळ कोंबडी असेल तर ओरडतो. बातमी कुणासाठी आहे हे त्याला ठाऊक असतं. हाच कोंबडा कधी कधी दाणा नसतानाही दाण्याची हाक देऊन लांबच्या कोंबडीला बोलावतो, हेही त्यांनी नोंदवलं आहे. आमच्याच रानातला भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या इशाऱ्यांची हुबेहूब नक्कल करतो. खोटी हाक माणसाने शोधलेली नाही. पण तिच्यासाठी फास विणणारा तो पहिला.

दुसऱ्यांदा गेले ती गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती.

वैशाख होता. त्या दिवशी घरचा कोंबडा बरोबर नव्हता. मामाआजोबांनी एक कोवळं पान दोन ओठांत धरलं आणि त्यातून बारीक, तुटक, केविलवाणा आवाज काढला. पिलू चुकलं की ओरडतं तसा. मी घरच्या कोंबड्यांची पिलं सांभाळलेली मुलगी. माझ्या पोटात कालवलं. खोटा आहे हे डोळ्यांसमोर दिसत असूनही मला तो खरा वाटला. थोड्याच वेळात कारवीतून एक कोंबडी आली. पिसं फुलवून, पंख अर्धे टाकून, अंगावर आल्यासारखी. ती आरवणाऱ्या कोंबड्यासारखी थांबत, ऐकत, अंदाज घेत आली नाही. धावत आली. फास तिच्या वाटेवरच होता.

दुपारी गुरांमागे मी त्याच अंगाला गेले. कारवीत पिलं ओरडत होती. तोच आवाज, सकाळी पानातून निघालेला. मी वाकून वाकून शोधलं. माझ्या पायांचा आवाज झाला की ती गप्प व्हायची आणि मी थांबले की पुन्हा सुरू व्हायची, थोडी लांबून. मी जीभ टाळूला लावून कोंबडीसारखं 'कुक्-कुक्' करून पाहिलं. मला ते येत नव्हतं. दिवस कलेपर्यंत मी तिथेच होते. त्या रात्री घरात रस्सा झाला होता. मी जेवले. भूक होती.

१९३३ साली ब्रुकनर नावाच्या अभ्यासकाने कोंबडीवर एक साधा प्रयोग केला. एक पिलू काचेच्या भांड्याखाली ठेवलं, समोर दिसेल असं, पण त्याचा आवाज बाहेर येणार नाही असं. ते धडपडत होतं, चोच उघडत होतं. आई त्याच्या शेजारून शांतपणे दाणे टिपत गेली. मग दुसरं पिलू आडोशामागे खुंटीला बांधलं, दिसणार नाही पण ऐकू येईल असं. आई धावत सुटली. आईला पिलू डोळ्यांनी नाही, कानांनी कळतं. हे वाचलं त्या दिवशी मला वैशाखातली ती धाव समजली. ती कोंबडी भुलली नव्हती. तिच्याकडे पिलू ओळखायची जी एकच खूण होती, तीच तिच्यापुढे धरली गेली होती.

या बाबतीत टर्कीची गोष्ट याहून कठोर आहे. टर्की अमेरिकेचा पक्षी, पण आपला त्याच्याशी संबंध जुना आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या अपूर्व वस्तू नेल्या त्यांत एक टर्की होता. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. त्याच्या डोक्याचा रंग घडोघडी बदलतो याचं जहांगीराला इतकं नवल वाटलं की त्याने आपल्या आठवणींत ते सविस्तर लिहिलं आणि उस्ताद मन्सूरकडून पक्ष्याचं चित्र काढवून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रात पक्षी गप्प आहे. रानात तो गप्प नसतो. वीज कडाडली, घुबड बोललं, कुणी गाडीचं दार आपटलं तरी नर टर्की झाडावरून ओरडून उठतो. त्याला ते थोपवता येत नाही. तिथले शिकारी पहाटे घुबडाचा आवाज काढतात तो यासाठी: तो ओरडला की कोणत्या झाडावर आहे ते कळतं.

मग ते मादी होतात. खडू लावलेल्या लाकडी पेटीचं झाकण घासून, पाटीवर काडी ओढून, टाळूला पातळ पडदा लावून मादीचा आवाज काढतात. सर्वात जुनं साधन टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडांचं असतं. त्याचंच हाड, त्याचाच आवाज. पण टर्कीच्या जगात रीत उलटी आहे: नर एका जागी पिसारा फुलवून ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी मादीच्या आवाजात सांगतो, तू इकडे ये. म्हणून जाणता नर ओ देत जवळ येतो आणि गोळीच्या टप्प्याबाहेर थांबतो. फुलून उभा राहतो, पाहतो. खरी असेल तर ती येईल. ती आली नाही की तो निघून जातो. हे वाचताना मला कारवीच्या कडेला मान उंच करून उभा राहिलेला तो कोंबडा दिसला. तिसऱ्या हाकेची वाट पाहणारा.

टर्कीच्या मादीला मात्र थांबता येत नाही. १९६० साली श्लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेने बहिऱ्या केलेल्या टर्की माद्या अंड्यांवर बसवल्या. पिलं निघाली आणि आयांनी ती टोचून मारली. पिलाचा आवाज कानी आला नाही, म्हणून घरट्यातला हलणारा जीव तिला शत्रू वाटला. असा प्रयोग करावा का, हा प्रश्न मला पडतो आणि माझं उत्तर नको असंच आहे. पण जे कळलं ते कळलं. त्या आईची माया कानात होती. कान गेला, माया गेली. याउलट फ्लोरिडात जो हटो नावाच्या माणसाने रानटर्कीची अंडी उबवताना त्या अंड्यांशीच बोलायला सुरुवात केली. कवचाच्या आतून पिलं ओ देत. बाहेर आल्यावर त्यांनी त्याला आई मानलं आणि तो महिनोन् महिने त्यांच्याबरोबर रानात फिरला. १९९५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आवाजाने जीव बोलावता येतो, त्याचं असंही काही करता येतं.

आपल्या परंपरेत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हरिण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते मरतं, म्हणून त्याच्याकडून शिकायचं की नादाला लुब्ध होऊ नये. भागवताच्या अकराव्या स्कंधात हे आहे आणि एकनाथांनी ते मराठीत घरोघर पोहोचवलं. नाथांपुढे मी नतमस्तक आहे. पण या एका दृष्टांतापाशी माझं मन थांबतं. मी पाहिलेला तो कोंबडा नादाला लुब्ध झाला नव्हता, तो आपली जागा राखायला आला होता. ती कोंबडी सुखासाठी आली नव्हती, ती सोडवायला आली होती. हाकेला ओ देणं हा त्यांचा दोष नाही, तो त्यांचा धर्म आहे. दोष शोधायचाच तर तो जाळीमागे बसलेल्याकडे पाहावा लागेल, आणि त्याच्या शेजारी बसून श्वास रोखलेल्या मुलीकडेही.

मामाआजोबांबद्दल एक सांगायलाच हवं. ती हाक त्यांना फुकट मिळाली नव्हती. कोणता कोंबडा कुठल्या झाडावर रात्र काढतो, अंडी कधी, कारवी फुलून बी पडलं की कळप कुठे जमतो, हे त्यांना ऐकून ऐकून कळलं होतं. एक बांग खरी काढायला त्यांना अर्धं आयुष्य ऐकावं लागलं होतं. म्हणूनच ते दोन-तीन पक्ष्यांवर थांबत आणि एक उतार एकदा केला की त्या वर्षी पुन्हा करत नसत. मारुती चितमपल्ली पारध्यांच्या, आदिवासींच्या पायाशी बसून पाखरांची नावं आणि बोल्या शिकले ते याच कारणाने. त्या माणसांपाशी कान होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी शिवथरला गेले होते. घळीच्या वरच्या अंगाला सकाळी चार-पाच तरुण उभे होते, गळ्यात मोठे कॅमेरे. चांगली मुलं, मला वाट दिली, काकू म्हणून पाणी विचारलं. एकाने खिशातून फोन काढला, एक लहान स्पीकर दगडावर ठेवला आणि बांग वाजवली. स्वच्छ, खणखणीत, मामाआजोबांनाही आली नसती अशी. कुठल्या तरी वेगळ्या रानातला, वेगळ्या कोंबड्याचा आवाज. जगभरातल्या पक्ष्यांचे आवाज आज कुणालाही फोनवर मिळतात, आणि ते साठवणाऱ्यांनी मोठंच काम केलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दगडावरचा तो स्पीकर पुन्हा पुन्हा वाजत राहिला. दहा वेळा, वीस वेळा. ओढ्याकाठून ओ आली, जवळ आली, मग कोंबडा स्वतः उघड्यावर आला, मान ताणून, शत्रू शोधत. फोटो निघाले. मुलं हसली, खूश झाली, आणि आवाज लावून ठेवूनच दुसऱ्या बाजूने फोटो घ्यायला गेली. कोंबडा दगडाभोवती फिरत होता. त्याला जिंकायला कुणी नव्हतं आणि हरायलाही कुणी नव्हतं. वर आकाशात सर्पगरुड घिरट्या घालत होता.

मी त्यांना त्या वेळी नीट सांगू शकले नाही. आवाज बंद करा एवढंच म्हणाले आणि त्यांनी तो लगेच केला. जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. फेब्रुवारी ते मे हे रानकोंबड्याचे अंड्या-पिलांचे महिने आहेत. या काळात प्रत्येक खोटी हाक त्याला पिलांपासून, दाण्यापासून, आडोशापासून ओढून आणते. कॅमेऱ्याला फास नसतो हे खरं, पण त्याला ते ठाऊक नाही. तो दर वेळी पूर्ण जिवानिशी येतो. मामाआजोबा एका उतारावर वर्षातून एकदा हाक मारत. फोन एका सकाळी तीच हाक पन्नासदा मारतो, आणि उद्या दुसरा गट येऊन पुन्हा मारतो.

म्हणून शिवथरला जाल तेव्हा रानकोंबड्याचा आवाज फोनवर लावू नका, आणि पिलाचा तर कधीच लावू नका. स्पीकर गाडीत ठेवा. उजाडायच्या आधी घळीच्या वरच्या वाटेवर जाऊन बसा, पाठ झाडाला टेकवा आणि अर्धा तास बोलू नका. फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास ओढ्याकाठून पहिली बांग येते.